कैद्यांच्या सोबतीची वीस वर्षं

दुपारचे चार वाजले की अमेरिकेच्या संघीय तुरुंगांतले कैदी आपापल्या खाटेशी उभे राहतात. बोलायचं नाही, हलायचं नाही, आडवं पडायचं नाही. अधिकारी एकेका खोलीपुढून जातो आणि माणसं मोजतो. दिवसातून निदान पाच वेळा गणती होते. मध्यरात्रीच्या गणतीला कैदी झोपलेला चालतो, चारच्या गणतीला मात्र तो उभाच दिसायला हवा. आकडा जुळेपर्यंत तुरुंगातलं पानही हलत नाही.

तुरुंगाच्या स्वयंपाकघरात दुसरी एक मोजणी चालते. तिथल्या कुलूपबंद कपाटात एक फळा असतो आणि त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असते: सुरी, कातर, मोठा झारा, डबे उघडायचं यंत्र. वस्तू जागेवर टांगली की आकृती झाकली जाते, वस्तू नसली की मोकळी आकृती लांबूनही नजरेत भरते. भाजी चिरायची सुरी कैद्याच्या हाती देताना ती टेबलाला पोलादी तारेनं बांधलेली असते. हा फळा ज्याच्या ताब्यात असतो, तो हुद्द्यानं स्वयंपाकघराचा पर्यवेक्षक. सकाळी कामावर येताना त्यानं स्वतःच्या नावाचा छोटा पितळी बिल्ला देऊन किल्ल्या घेतलेल्या असतात. कमरेला रेडिओ असतो आणि त्यावर धोक्याचं बटण. त्याच्या हाताखाली भात शिजवणारे, पीठ मळणारे, भांडी घासणारे सगळे कैदी. त्यांतला कोण कशासाठी आत आला आहे, हे त्याला माहीत असतं. दिवसभर त्यांच्याकडे पाठ करून उभं राहण्यावाचून त्याला गत्यंतरही नसतं.

हा माणूस आचारी की पोलीस?

निवृत्तिवेतनाच्या कायद्यानं या प्रश्नाचं उत्तर निःसंदिग्धपणे दिलेलं आहे. ब्युरो ऑफ प्रिझन्स या संघीय तुरुंग खात्याच्या कारागृहातला आचारी, शिक्षक, परिचारिका, नळकाम शिकवणारा, ग्रंथालय सांभाळणारा, हे सगळे पेन्शनच्या हिशेबात ‘कायदा अंमलबजावणी अधिकारी’ ठरतात. एफबीआयचा गुप्तहेर ज्या वर्गात मोडतो, त्याच वर्गात तेही. वयाच्या ५० व्या वर्षी अशी २० वर्षं भरली असतील तर त्यांना पूर्ण पेन्शन घेऊन घरी जाता येतं. २५ वर्षं भरली असतील तर वयाची अटच नाही.

याचं मोल आकड्यांतच कळतं. समजा, दोन माणसं तिसाव्या वर्षी संघीय नोकरीत लागली. एक तुरुंगाच्या स्वयंपाकघरात, दुसरा वॉशिंग्टनमधल्या एखाद्या कचेरीत. दोघांच्या सर्वांत जास्त पगाराच्या सलग तीन वर्षांची सरासरी ८०,००० डॉलर धरू. १९८७ पासून लागू असलेल्या फर्स या पेन्शन योजनेत कचेरीतल्या माणसाला नोकरीच्या दर वर्षामागे या सरासरीचा १ टक्का मिळतो. २० वर्षांचे २० टक्के, म्हणजे वर्षाला १६,००० डॉलर, आणि तेही ६० व्या वर्षापासून. वयाच्या ६२ व्या वर्षापर्यंत नोकरीतच राहिला तर दर १.१ टक्का होतो. तुरुंगातल्या माणसाला पहिल्या २० वर्षांसाठी दर १.७ टक्के. त्याचे ३४ टक्के होतात, २७,२०० डॉलर, आणि ते पन्नासाव्या वर्षीच सुरू होतात. विसानंतरच्या वर्षांना त्यालाही १ टक्काच.

शिवाय ६२ व्या वर्षी सामाजिक सुरक्षेची, म्हणजे सोशल सिक्युरिटीची रक्कम सुरू होईपर्यंत मधली खिंड लढवायला एक पूरक भत्ता मिळतो. बासष्टाव्या वर्षी महिना १,८०० डॉलर मिळणार असतील तर ४० वर्षांपैकी २० वर्षं धरून त्याचे निम्मे, ९०० डॉलर, आधीपासूनच हातात पडतात. कचेरीतल्या निवृत्ताला महागाईची वाढ साधारणपणे ६२ व्या वर्षानंतरच लागू होते, तुरुंगातल्याला निवृत्त झाल्यापासून. या सगळ्यापोटी नोकरीभर पगारातून कापून घेतात ते इतरांपेक्षा अर्धा टक्का जास्त. खात्याला स्वतःच्या खिशातून घालावे लागणारे पैसे मात्र पुष्कळ अधिक असतात, आणि एखाद्या जागेला हा लाभ द्यायचा म्हटलं की सरकारी खाती हात आखडता घेतात, त्याचं मूळ तिथेच आहे.

ही सवलत मुळात तुरुंगासाठी जन्मली नाही. १९४७ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं ती एफबीआयच्या गुप्तहेरांना दिली: पन्नाशी आणि २० वर्षं नोकरी. पुढच्याच वर्षी ती इतर खात्यांतल्या तपास अधिकाऱ्यांपर्यंत पोचली. गुन्ह्याचा तपास, गुन्हेगाराला पकडणं आणि त्याला डांबून ठेवणं अशी तीन कामं कायद्यानं धरली. तिसऱ्या कामाचा अर्थ काय, हे १९५० च्या दशकात स्पष्ट करण्यात आलं, आणि त्या व्याख्येत एक फार महत्त्वाची गोष्ट शिरली. ज्या कर्मचाऱ्याचा कैद्यांशी ‘वारंवार थेट संपर्क’ येतो त्याचं काम हे डांबून ठेवण्याचं काम धरावं, मग तो संपर्क पहाऱ्याचा असो, शिकवण्याचा असो, काम करवून घेण्याचा असो, शुश्रूषेचा असो, वाहतुकीचा असो की पुनर्वसनाचा. नियमांनी पुढे याची फोड केली: संपर्क प्रत्यक्ष हवा, नेमून दिलेल्या कामाचा भाग हवा, आणि रोजच्या कामाच्या रहाटीत तो पुन्हा पुन्हा, सतत यायला हवा.

कायदा करणाऱ्यांनी इथं एक शहाणपणाची गोष्ट केली. त्यांनी गणवेश मोजला नाही, बंदूक मोजली नाही, हुद्दा मोजला नाही. त्यांनी अंतर मोजलं. (संघीय तुरुंगाच्या आत बंदूक नेतच नाहीत. ती हिसकावली जाण्याची भीती मोठी, म्हणून बंदुका बाहेरच्या मनोऱ्यांत आणि फिरत्या गाड्यांत.) तुरुंगात धोका येतो तो माणसाच्या जवळिकीतून, आणि ती जवळीक बीजगणित शिकवणाऱ्या मास्तरांच्याही वाट्याला तितकीच येते. हे ओळखणारं कलम सत्तर वर्षांपूर्वी लिहिलं गेलं याचं आजही कौतुक वाटतं.

त्या अंतराचा अर्थ काय, याची साक्ष पेनसिल्व्हेनियातल्या कनान इथल्या कडेकोट तुरुंगानं दिली. २५ फेब्रुवारी २०१३ ची रात्र. एरिक विल्यम्स हा ३४ वर्षांचा अधिकारी कैद्यांना खोल्यांत बंद करायला निघाला होता. त्या विभागात सव्वाशेच्या आसपास कैदी होते आणि अधिकारी तो एकटा. त्याच्याजवळ रेडिओ, किल्ल्या आणि हातकडी एवढंच. खोलीच्या झडतीचा राग धरून बसलेल्या एका कैद्यानं जिन्यावर त्याला लाथ मारून खाली पाडलं आणि तुरुंगातच घडवलेल्या हत्यारांनी त्याच्यावर दोनशेहून अधिक वार केले. हल्ला अकरा मिनिटं चालला. तेवढा वेळ मदतीला कोणी आलं नाही, कारण कोणाला कळलंच नाही. त्याच्या नावाचा कायदा मार्च २०१६ मध्ये झाला, आणि मध्यम व त्याहून कडक सुरक्षेच्या संघीय तुरुंगांत अधिकाऱ्याला तिखटाचा फवारा जवळ बाळगण्याची मुभा कायमची मिळाली. एक फवारा. त्यासाठी तीन वर्षं आणि एक जीव.

त्याआधी, २० जून २००८ ला, कॅलिफोर्नियातल्या ॲटवॉटर तुरुंगात होसे रिव्हेरा मारला गेला. वय २२. नौदलातून परतलेला तरुण. तुरुंगाच्या नोकरीला वर्षही झालेलं नव्हतं. आणि त्याच ॲटवॉटरमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये टपाल हाताळणाऱ्या एका पर्यवेक्षकाचा मृत्यू झाला, तो संशयास्पद पाकिटाशी संपर्क आल्यानंतर. कैद्यांच्या नावे आलेल्या कागदांना नशेची रसायनं लावून ती आत पोचवायची ही अलीकडे सगळीकडची युक्ती. या माणसाचं काम पत्रं उघडण्याचं होतं. अंतर मोजायचं तर ते आता कागदाच्या जाडीइतकं उरलं आहे.

या मृत्यूंपुढे पेन्शनचा विषय काढणं काहींना कोतं वाटेल, पण ज्या घरांतून माणसं रोज या कामाला जातात त्या घरांत हा विषय रोज निघतो. किती वर्षं झाली, किती राहिली, हे तिथल्या बायकामुलांना तोंडपाठ असतं.

कारण झिजवणारी गोष्ट हल्ला नव्हे, हल्ल्याची वाट पाहणं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या तुरुंग कर्मचाऱ्यांच्या एका देशव्यापी पाहणीत आघातोत्तर तणावविकाराची लक्षणं सगळ्या कर्मचाऱ्यांपैकी २७ टक्के लोकांत आढळली, आणि पहारा-सुरक्षेच्या कामावर असलेल्यांत ३४ टक्क्यांत. १९९७ च्या एका अभ्यासात या अधिकाऱ्यांच्या आत्महत्येचा धोका इतर नोकरदारांच्या मानानं ३९ टक्क्यांनी जास्त निघाला. हॉटेलात भिंतीला पाठ लावून बसणं, घरात कोणी मागून आलं की दचकणं, जेवण पाच मिनिटांत उरकणं या सवयी तुरुंगातून घरी येतात आणि घरच्यांना त्यांच्याशी जुळवून घ्यावं लागतं.

आता या सवलतीमागचा सरकारी विचार पाहिला पाहिजे, कारण सारी भांडणं तिथून निघतात. कर्मचारी समजतो की ही पेन्शन त्यानं सोसलेल्या धोक्याचा मोबदला आहे. सरकार तसं समजत नाही. १९७४ चा कायदा, ज्यानं पहिल्या २० वर्षांचा दर वाढवला आणि सक्तीचं निवृत्तिवय आणलं, त्याचा हेतू होता दल तरुण ठेवणं. नियमांची भाषाही तीच: काम इतकं कष्टाचं असावं की त्याच्या संधी ‘तरुण आणि शरीरानं दणकट’ माणसांपुरत्या ठेवाव्या लागतील. म्हणजे लवकर जाता यावं म्हणून चांगली पेन्शन द्यायची, आणि लवकर जावंच लागावं म्हणून वयाची रेघ ओढायची. ती रेघ आधी ५५ होती, १९९० मध्ये ५७ झाली. भरतीची कमाल मर्यादा ३७ वा वाढदिवस. ३७ आणि २० मिळून ५७. सगळी मांडणी या बेरजेवर उभी आहे. खातेप्रमुख फार तर ६० पर्यंत मुदत वाढवू शकतो.

दोन्ही समजुती एकाच कायद्यात नांदतात तोवर ठीक. पण कोणाला लाभ द्यायचा असा प्रश्न आला की त्यांची फारकत होते.

निवृत्त सैनिकांच्या सरकारी इस्पितळात पहारा करणारे पोलीस घ्या. त्यांच्याकडे बंदूक आहे, अटकेचा अधिकार आहे, रात्री-अपरात्री बिथरलेल्या माणसाला आवरण्याची जबाबदारी आहे. त्यांना ही पेन्शन नाही. नौदलाच्या पोलिसांनी ती मागितली होती. २००१ मध्ये फेडरल सर्किट न्यायालयानं त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. न्यायालयाचा निकष असा की माणूस काय करतो यापेक्षा ती जागा कशासाठी निर्माण केली आहे ते पाहावं. जागा जीवित-मालमत्तेच्या रक्षणासाठी असेल, शांतता राखण्यासाठी असेल, तर नियमांनीच ती वगळली आहे; मग त्या जागेवरच्या माणसानं वर्षात किती जणांना बेड्या ठोकल्या याला महत्त्व उरत नाही. हा अन्याय दूर करावा म्हणून काँग्रेसमध्ये विधेयक येतं, पडून राहतं, पुन्हा येतं. सीमेवरच्या जकात आणि सीमासुरक्षा अधिकाऱ्यांनी मात्र असाच लढा देऊन ६ जुलै २००८ पासून जवळपास हाच लाभ मिळवला. तेव्हा दार उघडत नाही असं नाही. बराच काळ ठोठावावं लागतं.

आणि तुरुंगाच्या आतही सगळं सुरळीत नाही. नियमांनी जागांचे दोन प्रकार केले आहेत. कैद्यांत मिसळून करायच्या त्या प्राथमिक जागा. त्यातून वर गेल्यावर मिळणाऱ्या पर्यवेक्षकाच्या किंवा प्रशासनाच्या त्या दुय्यम. दुय्यम जागेवरची वर्षंही विसात धरली जातात, पण अटी आहेत. आधी प्राथमिक जागेवर तीन वर्षं काढलेली हवीत, तिथून सरळ दुय्यम जागेवर गेलेलं हवं, आणि मध्ये तीन दिवसांपेक्षा मोठा खंड नको. तीन दिवस! समजा, एखादी बाई अडीच वर्षं कोठड्यांच्या विभागात काम करून आजारी आईजवळ राहायला म्हणून प्रादेशिक कचेरीतली जागा घेते. पद वाढलं, पगार वाढला; पण तिथली वर्षं या हिशेबात धरली जाणार नाहीत, कारण तिनं सहा महिने आधी तुरुंग सोडला. असा निर्णय घेताना ही अट समोर बसवून समजावून सांगणारं कोणी असतंच असं नाही.

दुसरं कलम याहून कठोर. एखाद्याच्या पगारातून तो जादा अर्धा टक्का कापला जात नसेल, म्हणजे खात्यानं त्याची जागा या वर्गात धरलेली नसेल, तर त्यानं जागेवर आल्यापासून सहा महिन्यांच्या आत लेखी अर्ज करून निर्णय मागायचा असतो. तसं केलं नाही तर खात्याचं म्हणणंच बरोबर असं गृहीत धरतात. मग पंधरा-वीस वर्षांनी निवृत्तीच्या तोंडावर हे लक्षात आलं की आपल्याला माहीत नव्हतं, हे सिद्ध करण्याचा भार त्याच्याच डोक्यावर. तो भार घेऊन लोक मेरिट सिस्टिम्स प्रोटेक्शन बोर्ड या सेवाविषयक न्यायाधिकरणापुढे उभे राहतात, जुन्या कामवाटपाचे तक्ते शोधतात, कधीच्या काळच्या सहकाऱ्यांच्या साक्षी गोळा करतात. ज्यानं आयुष्य गणती करण्यात घालवलं त्याला अखेरीस स्वतःची वर्षं मोजून दाखवावी लागतात. पगारपत्रकातली एक ओळ नीट वाचली असती तर हे टळलं असतं असं म्हणणं सोपं आहे; नव्या भरतीच्या माणसाला ती ओळ वाचून दाखवणं हे खात्याचं काम असायला हवं.

खासगी तुरुंगांत तर हा प्रश्नच नव्हता, कारण हक्कच नव्हता. संघीय सरकारनं आपले काही कैदी अनेक वर्षं खासगी कंपन्यांच्या तुरुंगांत ठेवले. तुरुंग खात्याचे ते करार २०२२ च्या अखेरीस संपले. तिथला पहारेकरी त्याच कायद्यानं शिक्षा झालेल्या, त्याच खात्याच्या नोंदवहीतल्या कैद्यांमध्ये उभा राहत होता. पण तो कंपनीचा नोकर. अंतर तेच, वीस वर्षांचा हिशेब नाही.

संघीय तुरुंग हे अमेरिकेतल्या तुरुंगव्यवस्थेचं लहानसं अंग. दीड लाखाच्या आसपास कैदी. बहुतेक कैदी राज्यांच्या आणि काउंट्यांच्या ताब्यात, आणि प्रत्येक राज्याची पेन्शन निराळी. केंटकीत अशा जागांना सरळ ‘धोक्याच्या जागा’ म्हणतात, आणि राज्याच्या तुरुंगातली जागा धोक्याची ठरवताना तिथल्या कायद्यानंही कैद्यांशी नेहमी समोरासमोर संपर्क येतो का, हेच विचारलं आहे. पण तिथं धोक्याचा भाव पिढीनुसार उतरत गेला. सप्टेंबर २००८ च्या आधी लागलेल्याला २० वर्षांनी जाता येतं. त्यानंतर लागलेल्याला २५ वर्षं हवीत. आणि २०१४ पासून लागलेल्यांसाठी ठरलेल्या टक्क्यांची पेन्शनच उरली नाही, त्यांच्या नावे खात्यात रक्कम साठत जाते. एकाच कोठड्यांच्या रांगेत तिघं उभे, तिघांचे कैदी तेच, तिघांच्या म्हातारपणाचे हिशेब तीन.

कॅलिफोर्नियात एके काळी तुरुंग अधिकाऱ्याला पन्नासाव्या वर्षी दर वर्षामागे ३ टक्के मिळत. २०१३ पासून लागलेल्यांसाठी ते ५७ व्या वर्षी २.५ टक्क्यांवर आलं. टेक्सासनं सप्टेंबर २०२२ नंतरच्या भरतीला खात्यात रक्कम साठवण्याच्या योजनेत टाकलं. पेन्शन निधीतली तूट खरी होती, हे मान्य करायलाच हवं. पण ती भरून काढायला जो नवा येईल त्याच्याच वाट्याचं कापायचं, आणि मग भरतीला माणूस मिळत नाही म्हणून आहे त्यालाच डबल पाळी करायला लावायची, हे चक्र ज्यांनी फिरवलं त्यांना त्याचा शेवट दिसायला हवा होता.

तो न्यूयॉर्कमध्ये दिसला. १७ फेब्रुवारी २०२५ ला राज्यातल्या तुरुंग अधिकाऱ्यांनी संघटनेला न विचारता काम बंद केलं. सक्तीचा ओव्हरटाइम, माणसांचा तुटवडा आणि एकांतकोठडीवर निर्बंध घालणारा कायदा ही त्यांची गाऱ्हाणी. त्यातल्या शेवटच्या गाऱ्हाण्याशी सहमत होणं कठीण आहे. जेमतेम दोन महिन्यांपूर्वी, डिसेंबर २०२४ मध्ये, मार्सी इथल्या तुरुंगात रॉबर्ट ब्रूक्स या बेड्या घातलेल्या कैद्याला अधिकाऱ्यांनीच मारहाण करून ठार केलं होतं, आणि ते चित्रण जगानं पाहिलं होतं. कैद्याच्या जवळ असण्याची दुसरी बाजू ही. धोका दोन्ही दिशांनी वाहतो, आणि थकलेल्या, चिडलेल्या माणसाच्या हाती किल्ल्या असल्या की तो अधिक वाहतो. सरकारी नोकरांचा संप तिथं बेकायदा आहे. राज्यपालांनी नॅशनल गार्डचे सैनिक तुरुंगांत धाडले. २२ दिवसांनी संप मिटला तेव्हा परत न आलेल्या दोन हजारांच्या आसपास लोकांची नोकरी गेलेली होती. त्या राज्यात तुरुंग अधिकाऱ्याला २५ वर्षं भरली की वय न पाहता अर्ध्या पगाराची पेन्शन मिळते. ज्यांची अठरा, बावीस, तेवीस वर्षं झाली होती त्यांच्यासाठी तो संप कितीचा पडला, हे त्यांच्या घरी विचारायला हवं.

मराठी वाचकाला यातली बरीच भाषा ओळखीची वाटेल. महाराष्ट्राच्या तुरुंग खात्याच्या नावातही आता ‘सुधारसेवा’ आहे. पण येरवड्याचा किंवा आर्थर रोडचा कारागृह शिपाई मंत्रालयातल्या लिपिकासारखाच ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. २० वर्षांनी स्वेच्छानिवृत्ती घेण्याची सोय १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांत आहे, ती मात्र सगळ्याच राज्य कर्मचाऱ्यांना सारखी. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३ मध्ये राज्यभर झालेला संप त्यासाठीच होता. त्या संपात जुनी पेन्शन सर्वांना हवी ही घोषणा दुमदुमली. गच्च भरलेल्या बराकीत रात्रपाळी करणाऱ्याचं एक वर्ष आणि टेबलामागे बसणाऱ्याचं एक वर्ष सारखं मोजावं का, हा प्रश्न आपल्याकडे अजून कोणी नेटानं मांडलेला नाही.

अमेरिकेतही तो मांडून झाल्यावर गोष्ट मार्गी लागली असं नाही. संघीय तुरुंगांत सध्या अधिकाऱ्यांच्या जागा भरल्या जात नाहीत, म्हणून त्या पाळ्यांवर शिक्षक, परिचारिका, समुपदेशक यांना उभं करतात. तिथल्या बोलीत या प्रकाराला ‘ऑगमेंटेशन’ म्हणतात. नोकरीत घेताना सगळ्यांनाच प्राथमिक प्रशिक्षण दिलेलं असतं आणि सांगितलेलं असतं की तुम्ही आधी तुरुंगाचे कर्मचारी, मग शिक्षक. त्यांना मिळणारी पेन्शन याच समजुतीवर उभी आहे. पण त्या दिवशी वर्ग बंद राहतो. दारावर चिठ्ठी लागते आणि अक्षरओळख शिकायला आलेले कैदी परत आपल्या विभागात जातात, तिथं मास्तरच पहाऱ्यावर उभे असतात. सुटण्याआधी शिक्षणानं, कामानं शिक्षेचे दिवस कमी करून घेता यावेत असा कायदा २०१८ मध्ये झाला. तो राबवणारी माणसं दारं उघडण्या-लावण्यात गुंतलेली.

अनुभवी माणसं टिकावीत म्हणून काय करता येईल, याचे छोटे तुकडे मधूनमधून कायद्यात पडतात. निवृत्ती बचत खात्यातले पैसे ठरावीक वयाआधी काढले तर १० टक्के दंड बसतो. पन्नाशीत घरी जाणाऱ्या संघीय अधिकाऱ्यांना त्यातून २०१५ मध्ये सूट मिळाली. २०२२ च्या अखेरीस झालेल्या कायद्यानं २५ वर्षं भरलेल्यांना वय न पाहता ती दिली, आणि राज्यांच्या व स्थानिक तुरुंगांतल्या कर्मचाऱ्यांनाही पहिल्यांदाच त्यात नाव घेऊन सामील केलं. पोलीस आणि अग्निशामकांच्या बरोबरीनं या लोकांची आठवण ठेवायला कायद्याला इतकी वर्षं लागली, हे त्यांच्या वाट्याला नेहमी येणाऱ्या विस्मरणाला धरूनच झालं. पोलीस रस्त्यावर दिसतो, बंबवाला धुरातून बाहेर येताना दिसतो. तुरुंगातला माणूस भिंतीआड जातो आणि भिंतीआडच राबतो.

ज्या महिन्यात वयाची ५७ वर्षं पूर्ण होतात त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी संघीय तुरुंगातला अधिकारी सेवेतून मुक्त होतो. निदान ६० दिवस आधी त्याला लेखी सूचना द्यावी लागते. पण तोवर त्याची वीस वर्षं भरलेली नसतील, तर ती भरेपर्यंत तो राहतो. सैन्यातून आलेल्यांसाठी हे फार महत्त्वाचं. २००८ मधल्या एका निर्णयानंतर प्राधान्याचा हक्क असलेल्या माजी सैनिकांना भरतीच्या कमाल वयाची अट लावणं बहुतेक जागांसाठी अवघड झालं. त्यामुळे बेचाळिसाव्या वर्षी लागलेला माजी सैनिक तुरुंगात सापडतो. त्याची वीस वर्षं बासष्टाव्या वर्षी भरतात. काम तरुण आणि दणकट माणसांचं असं सांगणाऱ्या त्याच कायद्याखाली तो साठी ओलांडूनही किल्ल्यांसाठी आपला पितळी बिल्ला पुढे करतो. गुडघे दुखत असतात, रात्री ओव्हरटाइम लागलेला असतो, आणि चार वाजता सव्वाशे उभ्या माणसांपुढून तो एकटा मोजत जातो.